नवऱ्याची बदली वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासात झाली आहे. मला कोणता व्हिसा मिळेल आणि तिथे नोकरी करता येईल का?

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे नवरा परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर, तुम्ही पुण्यात फिजिओथेरपिस्ट, लग्नाला वर्ष व्हायचंय, आणि ओळखीतला एक एजंट सांगतोय की 'सध्या टुरिस्ट व्हिसावर जा, बाकीचं तिथे गेल्यावर बघू'. त्या एजंटचं अजिबात ऐकू नका. माझा नवराही त्याच खात्यात आहे. मी तिकडे ए-२ व्हिसावर राहिले आणि रीतसर परवाना काढून नोकरीही केली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिसा ही यातली सोपी बाजू. अमेरिका परदेशी सरकारच्या माणसांना 'ए' गटातले व्हिसा देते. राजदूत आणि मुत्सद्दी अधिकारी ए-१ मध्ये, दूतावासातले बाकीचे सरकारी कर्मचारी ए-२ मध्ये, आणि त्यांच्या घरी काम करणारी माणसं ए-३ मध्ये येतात. नवऱ्याला जो मिळेल तोच तुम्हाला, कारण पत्नी 'जवळचं कुटुंब' म्हणून त्याच्याच वर्गात धरली जाते. तुमच्या बाबतीत बहुतेक ए-२. त्यासाठी फी नसते आणि मुलाखतीलाही सहसा बोलावत नाहीत. डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म भरायचा आणि मंत्रालयाकडून अमेरिकी दूतावासाला जाणाऱ्या 'नोट व्हर्बाल'मध्ये, म्हणजे अधिकृत सरकारी पत्रात, तुमचं नाव असायला हवं. ही नोट नसेल तर बाकी कागदांना काही अर्थ नाही.

तुमच्या हातात आहे ते नाव. आपल्याकडे लग्नानंतर नावाचा घोळ ठरलेला असतो. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर वडिलांचं मधलं नाव आणि विवाह प्रमाणपत्रावर सासरचं. नवऱ्यासोबत जाताना तुम्हाला साधा निळा पासपोर्ट चालत नाही, सरकारी पांढरा पासपोर्ट काढावा लागतो. मुत्सद्द्यांचा आणि त्यांच्या कुटुंबाचा लालसर असतो तो वेगळा. साधा पासपोर्ट त्यावेळी जमा करावा लागतो. पांढऱ्या पासपोर्टवर जे नाव छापून येईल तेच नोटमध्ये, तेच डीएस-१६० मध्ये आणि पुढे सगळीकडे लागतं. म्हणून अर्ज करण्याआधी कोणतं नाव कायमचं ठेवायचं ते एकदा ठरवा आणि सगळे कागद त्याप्रमाणे करून घ्या. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर आजच करा. लग्नपत्रिका आणि फोटो तिथे चालत नाहीत.

टुरिस्ट व्हिसाचा सल्ला चुकीचा का, तेही सांगते. बी-२ वर, म्हणजे टुरिस्ट व्हिसावर, उतरलात तर त्या देशाच्या लेखी तुम्ही पर्यटक. नोकरीच्या परवान्याचा अर्ज पर्यटकाला करता येत नाही, त्यासाठी आधी स्टेटस बदलून घ्यावं लागतं आणि त्यात महिने जातात. विमानतळावर उतरल्यावर आय-९४ नावाची नोंद होते. ती ऑनलाइन मिळते. घरी पोचल्या दिवशी उघडून बघा. तिथे 'ए२' आणि मुदतीच्या जागी 'डी/एस' दिसायला हवं. म्हणजे नवऱ्याची नेमणूक असेपर्यंत मुक्काम, ठरावीक तारीख नाही. जुन्या पासपोर्टवर एखादा पर्यटक व्हिसा शिल्लक असेल तर तो चुकून वापरला जातो आणि नोंद बी-२ ची होते. ही नोंद दुरुस्त करून घेणं फार कटकटीचं आहे.

आता नोकरी. ए-२ व्हिसा म्हणजे कामाची परवानगी नव्हे. ती वेगळी काढावी लागते, तिला सगळे ईएडी म्हणतात. ती मिळते की नाही हे तुमच्या पदवीवर ठरत नाही. दोन सरकारांमध्ये जोडीदारांना काम करू द्यायची परस्पर व्यवस्था आहे का, यावर ठरतं. कुठे तो लेखी करार असतो, कुठे नुसता 'तुम्ही आमच्यांना द्या, आम्ही तुमच्यांना देतो' असा व्यवहार असतो. आपल्या दूतावासातले जोडीदार ईएडी काढून काम करतात. तरी तुम्ही निघण्याआधी नवऱ्याला दूतावासाच्या प्रशासन विभागात मेल टाकून 'सध्या जोडीदारांना कोणत्या अटींवर परवाना मिळतो' हे लेखी विचारायला सांगा. या अटींवर बरंच अवलंबून आहे. नुसत्या व्यवहारावर चालत असेल तर आधी नोकरीचं पत्र हातात लागतं, त्यात कामाचं वर्णन आणि पगार लिहिलेला लागतो, आणि काही कामांना मनाई असते. करार असेल तर सहसा पत्राशिवाय अर्ज करता येतो.

अर्जाची वाट अशी. नवरा रुजू झाल्यावर दूतावास त्याची आणि तुमची नोंद अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे करतो. या नोंदीत तुम्ही नसाल तर पुढे काहीच होत नाही. मग आय-५६६ हा कामाच्या परवानगीच्या विनंतीचा फॉर्म, जो तुम्ही स्वतः पाठवू शकत नाही, तो दूतावासामार्फतच जातो. म्हणजे तुमच्या नोकरीला दूतावासाची संमती आपोआप लागतेच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने शिफारस केली की आय-७६५ या ईएडीच्या अर्जासह प्रकरण इमिग्रेशन खात्याकडे जातं आणि ईएडीचं कार्ड येतं. ते जास्तीत जास्त ३ वर्षांचं असतं आणि नेमणूक त्याआधी संपली तर तिच्याबरोबर संपतं. कार्ड हातात आल्यावर सोशल सिक्युरिटी नंबर काढायचा. कार्ड येण्याआधी एक दिवसही काम करू नका, ओळखीच्या क्लिनिकमध्ये 'नुसती मदत' म्हणूनही नको. त्याचा त्रास नवऱ्याच्या नोकरीपर्यंत पोचतो. पुण्याच्या रुग्णांना तिथून ऑनलाइन व्यायाम शिकवायचा विचार असेल तरी आधी दूतावासाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तुमच्या पगारावर अमेरिकेत कर बसेल. नवऱ्याच्या भारत सरकारच्या पगारावर तिथे बसत नाही, म्हणून बऱ्याच जणींना वाटतं की आपल्यालाही माफी आहे. ती नाही. आणि नोकरीच्या संदर्भात कोणी तुमच्यावर दिवाणी दावा लावला तर राजनैतिक संरक्षण त्याला लागू होत नाही.

तुमच्या पेशाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे वेळ जातो. ईएडी म्हणजे फिजिओथेरपीचा परवाना नव्हे. तो परवाना राज्याचा असतो, आणि वॉशिंग्टन डीसी, मेरिलँड, व्हर्जिनिया या तिन्हींचे वेगळे. परदेशात शिकलेल्यांना आधी पदवीची तुलना करून घ्यावी लागते. ते काम बहुतेक जण एफसीसीपीटी या संस्थेकडून करून घेतात. मग एनपीटीई ही फिजिओथेरपीच्या परवान्याची परीक्षा. तिकडे आता या पेशाची पदवी डॉक्टरेट पातळीची आहे, त्यामुळे आपल्या साडेचार वर्षांच्या बीपीटीत, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीत, काही विषय कमी धरले जातात, आणि बहुतेक वेळा ते आपल्या शाखेबाहेरचे सर्वसाधारण विषय असतात. इथे ए-२ चा मोठा फायदा आहे. ए-२ वर शिकायला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेऊन राहिलेले विषय पूर्ण करता येतात, आणि ईएडीची वाट बघण्याचा काळ वाया जात नाही.

म्हणून पुण्यात असतानाच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून गुणपत्रिकांची ट्रान्स्क्रिप्ट आणि अभ्यासक्रमाचा तपशील मागवा. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडून नोंदणीची पडताळणीही लागेल. हे कागद एफसीसीपीटीकडे थेट, बंद पाकिटात किंवा त्यांच्या यंत्रणेतून जावे लागतात. वॉशिंग्टनहून नाशिकला फोन करून ते काम होत नाही. इथे असताना एक दिवस जाऊन, खिडकीवर उभं राहून करून घेतलेलं बरं. माझ्या ओळखीतल्या एकीचं प्रकरण कॉलेजने जुन्या अभ्यासक्रमाच्या प्रतीवर शिक्का मारायला वेळ लावल्यामुळे खूप रेंगाळलं. मध्यंतरी थेरपी एड, म्हणजे मदतनीस, म्हणून, परवानाधारकाच्या हाताखाली, काम मिळू शकतं. पगार कमी असतो, पण तिकडची पद्धत कळते.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाबद्दलही विचारलंयत. ए-२ मिळत असताना त्याच्यामागे लागू नका. वर्षाला ८५ हजारांची मर्यादा, लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर आलेलं १ लाख डॉलरचं ओझं. कोणतं क्लिनिक तुमच्यासाठी ते भरेल? तिथे जाऊन परवाना मिळाल्यावर एखादं विद्यापीठाचं इस्पितळ घ्यायला तयार झालं तर तेव्हा बघा, कारण तसल्या संस्थांना लॉटरीतून जावं लागत नाही.

सासूबाईंना सोबत न्यायचंय असंही लिहिलंय. आईवडील आपोआप ए-२ मध्ये येत नाहीत. त्यासाठी आपल्या सरकारने त्यांना आश्रित मानावं लागतं आणि तिकडच्या खात्यानेही. बऱ्याच घरी सासूबाई बी-२ वर येतात आणि मुदत वाढवून घेतात. त्यांच्यासाठी तोच व्हिसा योग्य, फक्त त्यांचा अर्ज वेगळा, फी वेगळी आणि मुलाखतही वेगळी.

पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा एवढ्यात देऊ नका. बिनपगारी रजा मिळते का ते आधी बघा. नवऱ्याची नोट निघाली, तुमच्या पांढऱ्या पासपोर्टवर ए-२ लागला आणि प्रशासन विभागाचं उत्तर आलं, की मग राजीनाम्याचं ठरवा. उत्तरात नेमकं काय लिहिलंय ते इथे टाकलंत तर त्यातल्या अटींचा अर्थ लावायला मी मदत करीन.