वाचकांचे प्रश्न : सिनेमा आणि कालपरवाचा इतिहास

प्रश्न : आमचं वाचनालय दर महिन्याला एक सिनेमा दाखवतं. १ नोव्हेंबर आमच्याकडे कुणाचा राज्योत्सव, तर कुणाचा काळा दिवस. युरोपातल्या देशांनी आपला नजीकचा कटू इतिहास पडद्यावर कसा आणला, ते यंदा बघायचंय. ‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’पासून सुरुवात करावी का? (खानापूर)

उत्तर : दाखवा, पण पहिला नको. २००६चा हा जर्मन सिनेमा बांधणीला पक्का आहे. १९८४चं पूर्व बर्लिन, नाटककाराच्या घरात लपवलेले माइक, माळ्यावर बसून ऐकणारा श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी. गोची त्या अधिकाऱ्याचीच आहे. ज्याच्यावर पाळत, त्यालाच तो वाचवतो. श्टाझीच्या जुन्या तुरुंगात आता स्मारक आहे. असा अधिकारी कधी झालाच नाही, म्हणून तिथल्या संचालकांनी चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती. प्रेक्षक मात्र पाळत ठेवणाऱ्यासाठीच हळहळत उठतो आणि चर्चा तिथंच संपते.

पहिला मान ‘१२:०८ ईस्ट ऑफ बुखारेस्ट’ला द्या. २२ डिसेंबर १९८९ला दुपारी १२ वाजून ८ मिनिटांनी रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू हेलिकॉप्टरनं पळाला. सोळा वर्षांनी एका लहान गावातल्या टीव्ही चॅनेलवर तिघं जण वाद घालतात : आपल्या गावातली माणसं १२ वाजून ८ मिनिटांच्या आधी चौकात आली, की नंतर? आधी आली असतील तर क्रांती, नंतर आली असतील तर नुसता जल्लोष. आपण आधीच गेलो होतो, असं मास्तर छातीठोकपणे सांगतात. फोन करणारे एकेक करून त्यांना खोटं पाडतात. शेजारचा म्हातारा कागदाच्या होड्या करत बसलेला! आंदोलनात लाठ्या कुणी खाल्ल्या आणि सत्काराला कोण पुढं आलं, हा वाद सीमाभागाला नवा नाही. हॉलमध्ये आपसूक बोलणं सुरू होईल.

पुढचे सिनेमे निवडताना दोन सालं शेजारी लिहा : गोष्ट कधीची, सिनेमा कधीचा. ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’ १९७३चा, गोष्ट १९४०ची. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको सत्तेवर होता, त्यामुळे सगळं सूचकतेनं, एका लहान मुलीच्या नजरेतून. ‘द सॉरो अँड द पिटी’ १९६९चा. जर्मन अंमलाखालचं एक फ्रेंच शहर कसं वागलं, याचा हा माहितीपट फ्रेंच टीव्हीनं १९८१पर्यंत दाखवलाच नाही. चार तासांच्या वर आहे, दोन संध्याकाळी लावा. आणि घरगुती डीव्हीडीवर जाहीर खेळ करता येत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्या.

प्रश्न : ‘इडा’ हा पोलिश सिनेमा लावला तेव्हा चेहरे फुगलेले दिसले आणि सबटायटल्स मागं पडत गेली. (निपाणी)

उत्तर : ‘इडा’ची चौकट जवळपास चौरस, ४:३ आहे. प्रोजेक्टर १६:९वर असला की चित्र आडवं ताणलं जातं. ‘ऑटो’ किंवा ‘४:३’ निवडा. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. चेहरे चौकटीच्या तळाशी आणि वर मोकळी जागा, हे दिग्दर्शकानं मुद्दाम केलंय, म्हणून झूम करू नका.

सबटायटल्सचा उशीर सुरुवातीपासून सारखाच असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जी’ दाबून ती अलीकडे आणा. उशीर वाढतच जात असेल तर सबटायटल्स सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रतीची आणि तुमची फाइल २५ फ्रेमची, असं असू शकतं. मग मिनिटाला सुमारे अडीच सेकंदांचा फरक साठतो आणि ‘जी’ दाबून भागत नाही. त्याच प्रतीची सबटायटल्स मिळवा आणि आदल्या दिवशी सुरुवात, मध्य, शेवट तिन्हीकडे तपासा.