टाकी फुल्ल केली की गाडी रुसते

प्रश्न : गाडी पेट्रोलवर आहे. एरवी एका सेल्फमध्ये चालू होते, पण पंपावर टाकी भरली की सेल्फ मारत बसावं लागतं. रेस दिली तर कशीबशी चालू होते आणि मिनिटभर धडधडते. स्कॅनरवर पी ०४९६ कोड आला. मेकॅनिक फ्यूएल पंप बदलायला सांगतो. बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. फ्यूएल पंप बिघडला असता तर गाडी टाकी भरायची वाट पाहत बसली नसती. संशय पर्ज व्हॉल्व्हवर घ्या.

टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये (डब्यात) साठते आणि गाडी चालू असताना ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती इंजिनकडे सोडतो. करंट नसेल तेव्हा हा व्हॉल्व्ह घट्ट बंद असायला हवा. तो उघडा अडकला, तर पेट्रोल भरताना टाकीतून रेटली गेलेली वाफ थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांत शिरते आणि मिक्श्चर फार रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. रेस दिल्यावर जास्त हवा मिळते, म्हणून गाडी पकडते. तुमचा कोडही हेच सांगतो : पर्ज बंद असायला हवा तेव्हाही प्रवाह चालू आहे.

तपासणी सोपी आहे. बॉनेटखाली इनटेक मॅनिफोल्डजवळ दोन नळ्या आणि दोन वायरींचा कनेक्टर असलेला छोटा व्हॉल्व्ह शोधा. इंजिन थंड असताना कॅनिस्टरकडून येणारी नळी काढा, गाडी चालू करा आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर कनेक्टर काढून पुन्हा बघा. तरीही ओढ असेल तर व्हॉल्व्हच अडकलाय. ओढ थांबली, तर ईसीएमच त्याला उघडतोय किंवा वायर अर्थला लागलीय. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलून पैसे घालवू नका. गरम इंजिनवर ही तपासणी फसवते, कारण तेव्हा टकटक करत ओढ लागणं नॉर्मल आहे. पेट्रोलची वाफ मोकळी असते, जवळ आग नको.

मल्टीमीटरवर कॉइल बहुधा २० ते ३० ओहम दाखवते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पण रीडिंग बरोबर आलं म्हणून व्हॉल्व्हला क्लीन चिट देऊ नका. कॉइल शाबूत असूनही आतलं सील बसत नाही, हाच नेहमीचा दोष.

नवा बसवण्याआधी जुना पांढऱ्या कागदावर आपटा. काळे दाणे पडले तर कॅनिस्टर फुटलाय. तो बदलून नळ्या साफ केल्या नाहीत, तर नवा व्हॉल्व्हही त्याच कोळशाने अडकेल. नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल कोंबण्याची सवय असेल तर तीही सोडा. वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये गेलं की कोळसा खराब होतो.

प्रश्न : पेट्रोलचं झाकण नवं घातलं, तरी पी ०४५६ जात नाही.

उत्तर : हा पेट्रोलच्या वाफेच्या बारीक गळतीचा कोड, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढ्या. नीट न मिटणारा पर्ज व्हॉल्व्हही तो आणू शकतो, म्हणून वरची तपासणी करा. तिथे काही सापडलं नाही, तर स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.