केमो न देता गोळी दिली, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

तुम्ही विचारलंय की आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत गेलाय, तरी डॉक्टर केमो न देता लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब या गोळ्या देतायत, म्हणजे त्यांनी आशा सोडली का. नाही हो, अजिबात नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात मी भावाला रडत रडत हेच विचारलं होतं, म्हणून लिहितेय.

आईच्या बायोप्सीचा कागद काढा. त्यात ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह आणि हर-टू (पेशींची वाढ भडकवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह लिहिलेलं असणार. म्हणजे तिची गाठ इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसली जाते. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनू देत नाही आणि पाल्बोसिक्लिब पेशीतली सीडीके ४ व ६ ही प्रथिनं अडवतं, त्यामुळे कॅन्सरच्या पेशीची एकीची दोन होणं थांबतं. ६६६ बायकांवरच्या अभ्यासात नुसत्या लेट्रोझोलने आजार साधारण १४.५ महिने आटोक्यात राहिला, दोन्हींनी २४.८ महिने. अशा आजारात सुरुवात गोळ्यांनीच करतात. यकृतासारखा अवयव झपाट्याने बिघडत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी केमो हातचा राखून ठेवतात.

एक मात्र डॉक्टरांना जरूर विचारा: रायबोसिक्लिब का नाही? त्याच गटातलं औषध आहे आणि त्याने एकूण आयुष्य वाढल्याचं अभ्यासात स्पष्ट दिसलंय, पाल्बोसिक्लिबच्या बाबतीत तितकं दिसलं नाही. रायबोसिक्लिबला ईसीजी बघावा लागतो, त्यामुळे नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण असू शकतं. खर्चाचंही बोला. पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, तेव्हापासून भारतीय कंपन्यांची बरीच स्वस्त औषधं मिळतात.

पाल्बोसिक्लिबची गोळी २१ दिवस घ्यायची, मग ७ दिवस सुट्टी. आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने रेघा मारायचो. दुसरी फेरी सुरू करायच्या दिवशी रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त ८००. डॉक्टरांनी आठवडाभर गोळी थांबवली. माझी आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता गोळीपण नको म्हणतात." मी दिवसभर तिला समजावत होते आणि आतून मीच हादरले होते. आठ दिवसांनी आकडा वर आला, गोळी पुन्हा सुरू झाली. या औषधात हे नेहमी होतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर तो आठवडा तसा गेला नसता. केमोत हाडांच्या मज्जेतल्या, रक्त बनवणाऱ्या पेशी मरतात, इथे त्या नुसत्या थबकतात, म्हणून लवकर सावरतात.

दुपारी ती फार गळून जायची. तेव्हा तिला झोपू द्यायचो, जेवणाचा आग्रह नाही. काढे, चूर्णं मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

आणि थर्मामीटर आजच आणून ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट हॉस्पिटल गाठा. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका.