पॉवर स्टिअरिंगचं तेल गळतंय, गॅरेजवाला म्हणतो रॅकच बदला. खरंच बदलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय, गाडीखाली लाल तेलाचा डाग पडतो, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कुंई आवाज येतो, आणि गॅरेजवाल्याने खाली वाकून बघून सांगितलं, 'रॅक गेलाय.' हे वाकून बघणं वाचलं आणि राहवलं नाही. वाकून बघून रॅक कळत नाही. रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग, सगळ्यात खाली असतो, वरचं प्रत्येक गळणं त्याच्याच अंगावर येतं.

माझी नोकरी नाशिकच्या सातपूरला हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सवर झाली. गाडीतलं पॉवर स्टिअरिंग म्हणजे त्याच कुटुंबातला धाकटा भाऊ: पंप, टाकी, एक प्रेशर लाइन, एक रिटर्न लाइन आणि सिलिंडरचं काम करणारा रॅक. एवढ्यात गळायच्या जागा असून असून किती असणार!

आमच्या जुन्या डिझेल सात सीटरमधून सगळे वणीला निघालो होतो. साडूभाऊ पुण्याहून आले होते, पुढच्या सीटवर. नांदुरीहून गडाचा घाट सुरू झाला तशी वळणावळणाला पंपाची रडारड सुरू झाली आणि स्टिअरिंग जड होत गेलं. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर टाकीत तेल खुणेच्या खाली आणि वर फेस. फेस म्हणजे पंप हवा ओढतोय. साडूभाऊंनी लगेच ओळखीच्या एका वर्कशॉपला फोन लावला आणि दोन मिनिटांत निकाल आणला: 'रॅक असेंब्ली टाकावी लागेल, तुम्ही त्यात हात घालू नका.' मी म्हटलं, फोनवरून? ते म्हणाले, रोजचं काम आहे त्यांचं. घाटातल्या दुकानातून एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या लाल तेलाचा, डबा मिळवून भरला, देवीचं दर्शन घेतलं आणि हळूहळू घरी आलो. पण गडावर नैवेद्याच्या रांगेतसुद्धा विषय तोच. त्यांचं एकच पालुपद, 'पार्ट उघडत बसायचे दिवस गेले, असेंब्ली बदलायची आणि मोकळं व्हायचं.'

घरी आल्यावर इंजिन गार होऊ दिलं. पंपापासून रॅकपर्यंत सगळं डिझेल आणि ब्रशने धुतलं, पुसून कोरडं केलं आणि सगळ्या नळ्यांवर, सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. मुलाला आत बसवलं, इंजिन चालू, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी टॉर्च घेऊन बघत होतो. थोड्याच वेळात पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ उमटली, ती प्रेशर होजच्या क्रिंपमधून. रबर जिथे लोखंडी टोपीत दाबलेलं असतं तिथून तेल पाझरून खाली रॅकवर जात होतं. मग रॅकच्या दोन्ही टोकांच्या रबरी बुटांची क्लिप सैल करून बघितलं. आत कोरडे ठणठणीत. रॅकचं आतलं सील गेलं असतं तर बुटात तेल साचलेलं मिळालं असतं. तुम्ही आज घरी एवढंच केलंत तरी गॅरेजवाल्याशी बोलायला तोंड राहील.

पुढचं सोपं होतं. जिथे बोलेरो-स्कॉर्पिओ बनतात त्या गावात होज क्रिंप करणारा शोधावा लागत नाही. अंबडला एकाने जुनी लोखंडी टोकं ठेवून मधली होज नवी क्रिंप करून दिली. बँजो बोल्टचे (होजचं टोक घट्ट बसवणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे टाकले, जुने परत लावले की तिथूनच पाझरतं. तेलाने भिजलेला बेल्टही बदलला. रॅकच्या किमतीशी तुलना करायचीसुद्धा लाज वाटावी एवढा खर्च आला. साडूभाऊंना फोन करून सांगितलं तर म्हणाले, 'नशीब तुमचं.' नशीब!

हवा काढायला विसरू नका. पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना फिरवत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत टाकी भरत राहा, मगच इंजिन चालू करा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. तेल झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. काही गाड्यांना लाल एटीएफ चालत नाही, वेगळं तेल लागतं. 'लीक स्टॉप'च्या बाटल्या सील फुगवतात, फाटलेली होज शिवत नाहीत. आणि प्रेशर लाइनला साधा पाइप आणि क्लिप लावून देणारा भेटला तर तिथून निघा. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, इथे स्टिअरिंग टोकाला गेलं की 80 ते 100 बार होतात. म्हणूनच चालू इंजिनावर गळती हाताने चाचपायची नाही, बारीक धार कातडीत घुसते.

आता हेही सांगायला हवं. स्टिअरिंगच्या तेलाची टाकी रिकामी ठेवून गाडी चालवू नका, पंपाला वंगणही त्याच तेलाचं असतं. गरम एक्झॉस्टवर तेल पडत असेल तर आग लागू शकते, तेव्हा पावडरीचे प्रयोग सोडा आणि गाडी टो करा. ऑटोमॅटिक असेल तर लाल तेल गिअरबॉक्सचंही असू शकतं, आधी टाकीची पातळी बघा. आणि बुटातून खरंच तेल निघालं तर रॅक उतरवावाच लागेल. तरीही आधी सील किट विचारा. बूट फाटून पाणी गेलं असेल आणि शाफ्टला गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र नवं सील टिकत नाही, तिथे असेंब्लीच बदला. नंतर अलाइनमेंट करून घ्या.

साडूभाऊंच्या आताच्या गाडीला इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, त्यात तेलच नाही. 'बघा, प्रश्नच मिटला' म्हणतात. हे माझ्या मुद्द्याचं उत्तर झालं का, तुम्हीच सांगा.