शेवटच्या पंधरा किलोमीटरचे शूज

आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि शेवटी मॅरेथॉन अशा सलग शर्यतीची तयारी करणाऱ्यांच्या प्रश्नांत एरवी सायकलचाच भरणा असतो. या वेळी शूजनी तिला मागे टाकलं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

सर, मलेशियात लंकावीला पहिलीच फुल आयर्नमॅन करतोय. मॅरेथॉन साडेपाच तासांत झाली तरी मी खूश. ग्रुपमधले सगळे म्हणतात, कार्बन प्लेटचे (सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी असलेले) शूज घे. वीस-पंचवीस हजार घालू का? (नाशिक)

नका घालू.

आधी आकडेमोड करू. ४२.२ किलोमीटरला साडेपाच तास म्हणजे किलोमीटरला पावणेआठ मिनिटं, ताशी साधारण पावणेआठ किलोमीटर. २०१७ साली ‘चार टक्के ऊर्जा वाचते’ म्हणून ज्या शूजचा गाजावाजा झाला, त्यांची चाचणी ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने पळणाऱ्या तगड्या धावपटूंवर झाली होती. पुढे तसल्याच शूजची चाचणी ताशी १० किलोमीटरला घेतली, तर सरासरी फायदा जेमतेम एका टक्क्यावर आला. काहींच्या बाबतीत तर उलटा तोटाच दिसला. तुमचा वेग त्याहूनही कमी आहे. वजनाचंही तसंच. एका शूजमागे १०० ग्रॅम वाचले, तर ऊर्जा वाचते सुमारे एक टक्का. आणि चांगल्या ट्रेनिंग शूजमध्ये नि रेसिंग शूजमध्ये बहुधा तेवढाही फरक नसतो.

आता देणं बघा. हे शूज उंच, मऊ आणि टाचेला अरुंद. ताज्या पायांना ते चालतात. पण तुम्ही ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर पेडल मारून उतरणार. पोटऱ्या दगड झालेल्या, घोटा सैल पडलेला आणि वर लंकावीचा दमट उकाडा. पंचविसाव्या किलोमीटरनंतर आपल्यापैकी बहुतेकांचं धावणं म्हणजे पाय ओढत जाणं असतं. आणि हे कोणी सांगत नाही, पण मी सांगतो: तुम्ही चालणार आहात. निदान प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी तरी. पुढे झुकवणाऱ्या वाकड्या सोलवर दमलेल्या पायांनी तासभर चालून बघा, मग ग्रुपमधल्यांना काय ते सांगा.

त्यापेक्षा टाचेला रुंद बूड असलेले, भरपूर कुशनचे रोजच्या सरावाचे शूज घ्या. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, म्हणजे ड्रॉप, सध्या आहे तेवढाच ठेवा. १० मिमीवरून एकदम ४ वर उतरलात, तर सगळा ताण पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर येतो, आणि सायकलने त्यांना आधीच पिळलेलं असतं.

परीक्षा दुकानात होत नाही. शंभर किलोमीटर सायकल करा, लगेच त्याच शूजमध्ये १२ किलोमीटर धावा, मग दोन किलोमीटर मुद्दाम चाला. त्या चालण्यात कुठे टोचलं, तर ते शूज तुमचे नाहीत.

ज्यांची आयर्नमॅनमधली मॅरेथॉन साडेतीन-पावणेचार तासांची आहे, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. त्यांनी कार्बन जरूर वापरून बघावा. फक्त सोलची उंची तपासा. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सची मर्यादा ४० मिमी आहे. तुमच्या स्पर्धेचा नियम तिच्या अ‍ॅथलीट गाइडमध्ये वाचून घ्या.

लांबच्या रननंतर अंगठ्याचं नख काळं पडतं. एक नंबर मोठा घेतला तर टाच निघते. मग मापाचे शूज मिळायचे तरी कसे? (पुणे)

लांबी आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दुकानदार दोन्हींवर एकच औषध देतो: ‘मॅडम, एक नंबर वर घ्या.’ आपले पाय चवड्याला पसरट असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर पायांची मापं घेतली, तेव्हाही हेच दिसलं. म्हणून ‘वाइड’ मागा. बायकांच्या शूजमध्ये ते ‘डी’ असतं, पुरुषांच्यात ‘टू-ई’. न मिळाल्यास पुरुषांच्या शूजमधलं तुमच्या लांबीचं माप घालून बघा. त्यांचं साधं माप रुंदीला साधारण तुमच्या ‘डी’एवढंच असतं. रंग आवडेलच असं नाही.

खरेदीला संध्याकाळी जा. लांब रनच्या दिवशी गेलात तर उत्तमच, पाय तेव्हा सुजलेले असतात. शर्यतीत घालणार तेच मोजे न्या. उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असं नाही) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दोन पायांत फरक असेल, तर मोठ्या पायाचं ऐका.

टाच निघत असेल, तर वरचं मोकळं राहिलेलं शेवटचं भोक वापरा. नाडी त्यातून आतल्या बाजूला घालून छोटा फास करा आणि समोरच्या नाडीचं टोक त्यातून ओवून घ्या. पाय पुढे सरकणं थांबलं, की नखाची तक्रार बहुधा तिथेच मिटते. इलॅस्टिकच्या नाड्यांचं म्हणाल, तर बदलाच्या जागी, म्हणजे सायकल ठेवून धावायला निघतो तिथे, त्या काही सेकंद वाचवतात. फुल अंतरात मला त्या आवडतात त्या दुसऱ्याच कारणासाठी: पाय सुजला की त्या आपोआप सैल होतात. त्यांच्यासह किमान तीन लांब रन करा.

दुकानात ट्रेडमिलवर पळवून व्हिडिओ काढला आणि सांगितलं, तुमचं पाऊल आत कलतं, सपोर्टचेच शूज घ्यावे लागतील. खरं का? (ठाणे)

पाऊल थोडं आत कलणं हा दोष नाही, धक्का पचवायची ती शरीराची सोय आहे. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरच्या प्रशिक्षणार्थींना पायाच्या कमानीप्रमाणे शूज देऊन पाहिले होते. दुखापती काही घटल्या नाहीत. गुडघा किंवा नडगी सतत दुखत असेल, तर फिजिओला दाखवा. दुखत नसेल, तर चार जोड्या घाला आणि ज्या पायात जाणवतच नाहीत त्या घ्या.

मिलिंद सोमण अनवाणी पळतात. मीही सुरू करू? (सोलापूर)

त्यांनी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची आयर्नमॅन पूर्ण केली, पण त्यामागे लहानपणापासूनचं राष्ट्रीय पातळीवरचं पोहणं आणि कित्येक वर्षांचं धावणं आहे. तुमची शर्यत चार महिन्यांवर आहे. ती होऊ द्या, मग हिरवळीवर दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

पावसाळ्यात शूज वाळतच नाहीत. किती जोड्या ठेवू, आणि शर्यतीला नवी कधी काढू? (कोल्हापूर)

दोन जोड्या, शक्यतो वेगवेगळ्या बनावटीच्या. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे पाहणी झाली, त्यात आलटून पालटून शूज वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. पंचगंगेला पूर येतो त्या दिवसांत तर दुसरी जोडी लागतेच. भिजलेल्यांतून आतला सोल काढा, रद्दी कोंबा, दोन तासांनी रद्दी बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने नको, डिंक सुटतो आणि फोम आकसतो.

एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालते. शर्यतीची जोडी सहा आठवडे आधी काढा आणि ८०-१०० किलोमीटर धावून घ्या. त्यातला एक रन मुद्दाम ओल्या शूजमध्ये. उन्हात प्रत्येक टेबलापाशी तुम्ही डोक्यावर पाणी ओतणार, आणि ते खाली शूजमध्येच जातं. वरचं कापड पाणी सोडतं की धरून ठेवतं, ते त्या दिवशी कळून उपयोग नाही. धावण्याआधीच्या बदलाच्या पिशवीत कोरडे मोजे आणि पेट्रोलियम जेली ठेवा. मोजे घालायला अर्धा मिनिट लागेल. लागू द्या.