पोराच्या जेवणात दारू सोडवायची पुडी कालवू का?

"मॅडम, त्याले न सांगता भाजीत कालवून देऊ का?" प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेल्या माउलीनं पदराची गाठ सोडून कागदाची पुडी पुढे केली. आठवडी बाजारात विकत घेतलेली. वर औषधाचं नाव नाही, मात्रा नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, चार एकर कापूस-तूर, पोरगा २२ वर्षांचा. आयटीआय झाला, दीड वर्षापासून घरीच. रोज दीड पव्वा देशी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन घरांचे अनुभव एकत्र केले आहेत.)

विदर्भातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न विचारला जातो, म्हणून उत्तर सरळच देते: नाही, कालवू नका. अशा पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बऱ्याचदा त्यात डायसल्फिराम असल्याची शक्यता धरावी लागते. हे खरं औषध आहे, पण ते शरीरात असताना दारू पोटात गेली तर दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष साठतं. तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, कधी जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणून डॉक्टर ते देतात ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या होकारानं, यकृताची तपासणी करून, आणि निदान १२ तास दारू घेतलेली नसताना. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी गुत्त्यावर जाणारच. शिवाय हे उघडकीला आलं की त्या घरातल्या अन्नावरचा पोराचा विश्वास उडतो. पुढे डॉक्टरनं दिलेली साधी गोळीही तो घेत नाही.

माउलीचं पुढचं म्हणणं: "मंग महाराजाकडं नेऊन माळ घालतो." यातला धोका गावात फारसा कुणी सांगत नाही. रोज पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली तर ६ ते २४ तासांत हातपाय कापतात, घाम सुटतो, झोप उडते. ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भिंतीवर किडे दिसणं, भलतंच बडबडणं, माणसं न ओळखणं. घरच्यांना वाटतं बाहेरचं लागलं, म्हणून झाडफुकीला नेतात आणि नेमके मोलाचे तास हातचे जातात. ही अवस्था जीवघेणी आहे. अशा वेळी १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. अशक्तपणासाठी गावात ग्लुकोजचं सलाईन चढवतात, तेही इथे जपून. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी पडलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

तिला पोराशी बोलायचं एक वाक्य ठरवून दिलं. बोलायचं सकाळी, तो शुद्धीत असताना, बाप समोर नसताना: "काल राती तू उंबऱ्यात पडला, मले लय भ्या वाटलं. उद्या माह्यासंग दवाखान्यात चाल, तुह्या झोपेसाठी." दारूचं नाव नाही, शेजारच्या पोराशी तुलना नाही. झोप येत नाही ही त्याची स्वतःची तक्रार होती, म्हणून तीच धरायची. रात्री भांडायचं नाही, दारूला पैसे द्यायचे नाहीत, आणि ज्या संध्याकाळी तो कमी प्याला त्या संध्याकाळी सोबत बसून जेवायचं.

चौथ्या दिवशी पोरगा आला. २२ वर्षांचा, म्हणून आईला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्यानं बोलणं झालं. जे सांगशील ते आईपर्यंत जाणार नाही, जिवाला धोका असेल तेवढंच घरी सांगावं लागेल, हे आधीच स्पष्ट केलं. मग दोन प्रश्नावल्या. दारूसाठी ऑडिट, १० प्रश्न, ४० पैकी गुण: त्याचे २२. उदासीसाठी पीएचक्यू-९, २७ पैकी: १७. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, त्याला त्यानं होकाराची मान हलवली. हा प्रश्न विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे; विचारल्यावर बहुतेक पोरं सुटकेचा श्वास सोडतात. त्यानं दोनदा फवारणीच्या औषधाचा डबा हातात घेतला होता. त्याच संध्याकाळी, त्याच्या संमतीनं, आशाताई आणि चुलत्यानं मिळून घरातले सगळे डबे गावाबाहेरच्या नातलगाच्या कुलूपबंद पेटीत हलवले. असा विचार अनेकदा झटक्यासरशी येतो, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुष्कळ ठरतं.

ऑडिटचे २२ गुण का महत्त्वाचे? गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत १२ ते १९ गुणांच्या पुरुषांवर एक चाचणी झाली, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांशी जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष धोकादायक पिण्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारात २६ टक्के. म्हणजे मधल्या टप्प्यातल्यांना बोलण्यानं खरोखर फरक पडतो. पण २० आणि त्यावर अवलंबित्व, म्हणजे दारूवाचून शरीर चालेनासं होणं, असण्याची शक्यता मोठी. शिवाय या पोराचे हात सकाळी कापायचे, उठल्याउठल्या घोट लागायचा. नुसतं समुपदेशन इथे पुरलं नसतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन केला. सहा दिवस भरती, थायमिन, आणि कापरं नि झटके आवरणाऱ्या, रोज कमी करत आणलेल्या गोळ्या. त्या गोळ्या घरी स्वतःच्या मनानं घ्यायच्या नसतात, त्यांचीही सवय लागते.

उदासीमुळे दारू की दारूमुळे उदासी, हे आई विचारत होती. पहिल्या दिवशी ते सांगता येत नाही. दारू स्वतःच मन खाली ओढते, म्हणून दोन ते चार आठवडे कोरडे गेल्यावर पुन्हा मोजायचं. जिवाची काळजी मात्र तेवढे दिवस थांबत नाही: आशाताई दर तिसऱ्या दिवशी घरी, आणि रात्रीसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक भिंतीवर. चौथ्या आठवड्यात पीएचक्यूचे गुण १४. उदासी स्वतंत्रपणे होती. तज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिन हे उदासीवरचं औषध २० मिलिग्रॅम सुरू केलं.

नवव्या दिवशी त्यानं ते बंद केलं. मळमळ, आणि "कायी फरक नाही." आशाताईनं पाकिटातल्या गोळ्या मोजल्या म्हणून हे कळलं. समन्वित उपचार म्हणतात तो असा असतो: केंद्रात एक नोंदवही, त्यात प्रत्येक रुग्णाचे गुण दर दोन आठवड्यांनी, आणि ज्याचे गुण हलत नाहीत त्याच्याबद्दल तज्ज्ञांशी आठवड्यातून एकदा फोनवर चर्चा. तज्ज्ञ प्रत्येकाला दर वेळी पाहू शकत नाहीत, आणि त्याची गरजही नसते. सांगणं साधंच निघालं: सकाळी जेवून घे, मळमळ आठवडाभरात ओसरते, फरक दोन ते चार आठवड्यांनी दिसतो.

समुपदेशनाची भेट दर आठवड्याला, ४० मिनिटं. दारू सोडणं किती महत्त्वाचं, दहापैकी? "सात." जमेल याची खात्री? "दोन." दोन का, शून्य का नाही? यावर तो पहिल्यांदा मोकळं बोलला: आयटीआयत असताना परीक्षेच्या महिन्यात तो प्याला नव्हता. तिथूनच बेत सापडला. पिण्याची वेळ संध्याकाळी सात ते नऊ. त्या वेळेत व्हॉलीबॉल आणि दूध डेअरीवर पोचवणं. गुत्ता टाळणारी वाट, दहा मिनिटं लांबची. तलफ आली तर अर्धा तास काढायचा. ती चढते तशी उतरते.

तरीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तो मित्रांत बसून प्याला. सात आठवड्यांनंतर. आई रडत आली, "सगळं पाण्यात गेलं." गेलं नव्हतं. तो पुन्हा रोज पिऊ लागला नव्हता, म्हणून भरतीही लागली नाही. त्याच्यासोबत बसून तो दिवस तासातासानं उलगडला: दुपारी बापानं नोकरीवरून टोमणा मारला, मग रिकामं पोट, मग मित्राचा फोन. पुढच्या भेटीला बापाला बोलावलं. आजवर त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं, आणि ही चूक उपचार करणाऱ्यांची.

बाराव्या आठवड्यात पीएचक्यू ६. गोळी चालू आहे. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने ती थांबवायची नसते. फवारणीचे डबे अजून नातलगाकडेच आहेत. पुढची भेट कापूस विकला जाईल त्या आठवड्यात ठेवली आहे, कारण तेव्हा हातात रोकड असते. ती तारीख त्यानंच सुचवली, आणि कापसाचा पैसा आईच्या खात्यात जावा हेही त्यानंच म्हटलं.