वाचक विचारतात, मिस्त्री सांगतात : गाडीच्या प्रवासाला पाने (स्पॅनर) किती न्यायचे?

प्रश्न : नमस्कार मिस्त्री. मी आणि माझा मित्र डिसेंबरमध्ये गाडीने मेळघाटात जाणार आहोत. अमरावती, परतवाडा, चिखलदरा, मग सेमाडोह, हरिसाल, धारणी. माझी स्प्लेंडर आहे, मॅग व्हील आणि ट्यूबलेस टायर. मित्राची रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन 411, स्पोकची चाके, आत ट्यूब. ऑनलाइन 46 नगांचा गोटी पान्याचा डबा पाहिला, छोटा आहे, बॅगेत मावतो. तो घ्यावा का? जमले तर उन्हाळ्यात आलापल्लीहून भामरागडलाही जायचा विचार आहे.
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : भाऊ, तो डबा घरी कुलरचा पंप खोलायला चांगला आहे. प्रवासाला नेऊ नका. 46 नगांच्या डब्यात गोट्या साधारण 4 ते 14 मिलिमीटरच्या असतात, रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, पाव इंची, आणि उरलेले बहुतेक नग स्क्रूचे तुकडे. मागच्या चाकाचा नट 14 च्या कितीतरी पुढचा. म्हणजे पंक्चर मागच्या चाकाचे झाले की डबा बंद करून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे. आणि समजा गोटी बसलीही, तरी त्या बोटभर रॅचेटवर जोर देऊन पाहा, आतले दाते सटकतात.

पाने विकत घ्यायच्या आधी एका रविवारी दोन्ही गाड्या मेन स्टँडवर घ्या. चाक काढा, लावा. चेन ताणा. प्लग काढा. क्लचची केबल सैल करा, ब्रेक आवळा, सीट आणि साइड पॅनल काढा, फ्यूज कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. या कामांना जो पाना हातात आला तो एका फडक्यावर ठेवत जा. ज्याला हात लागला नाही तो घरीच. तुमच्या दोघांच्या गाड्यांत 8, 10, 12, 14 हे आकडे बहुधा सामाईक निघतील, ते एकदाच न्यायचे. एक्सलचे, म्हणजे चाकाच्या आसाचे, नट मात्र दोन्ही गाड्यांचे वेगवेगळे मोजा, माझ्या किंवा दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. एक्सलला नटाला चारही बाजूंनी धरणारा रिंग पानाच घ्या. उघड्या तोंडाचा फिक्स पाना कडक नटावर घसरला की नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग तो नट छिन्नीशिवाय निघत नाही. माल टपारियाचा किंवा त्या तोडीचा घ्या. टपारियाचा कारखाना आपल्याच नाशकात आहे आणि तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये सुटे पाने मिळतात, अख्खा सेट घ्यायची गरज नाही. सोबत दोन्ही तोंडांचा एक पेचकस, एक पक्कड, गाडीला लागतात तेवढ्याच एलन की, आणि गाडीसोबत आलेला प्लग पाना. झाले.

आता मुख्य गोष्ट. गावात जे मिळते ते वाहून नेऊ नका. परतवाडा, धारणी सोडा, जरा मोठ्या गावात ट्रॅक्टरचे काम करणारा कोणीतरी असतोच. त्याच्याकडे घण असतो, मोठमोठे पाने असतात, बहुतेकदा वेल्डिंगही असते. हिमालयनची क्लच केबल त्याच्याकडे नसते. 21 इंची ट्यूब तर अजिबात नसते. स्प्लेंडरचा सामान कुठेही मिळेल, त्यामुळे तुमच्या गाडीसाठी प्लग आणि फ्यूज ठेवले तरी भागते. मित्राच्या गाडीसाठी मात्र क्लच आणि एक्सलेटरची केबल, फ्यूज, चेन लॉक (चेनची टोके जोडायची कडी) आणि पुढच्या चाकाची ट्यूब एवढे पाहिजेच. हिमालयनचे पुढचे चाक 21, मागचे 17. जागा कमी असेल तर 21 ची एकच ट्यूब न्या. अडीनडीला ती मागच्या टायरातही घडी पडू न देता बसवून हळूहळू पुढच्या गावापर्यंत जाता येते. 17 ची ट्यूब पुढे ताणून बसवायचा उद्योग करू नका.

केबलची एक युक्ती आहे. नवी केबल पिशवीत ठेवण्याऐवजी जुनीच्या शेजारून घरीच ओवून ठेवा, दोन्ही टोकांना टेप गुंडाळा. तुटली की फक्त टोके बदलायची. अंधारात टाकीखालून केबल ओवणे काय असते, हे ज्याने केले त्यालाच विचारा.

पंक्चरचे सामान दोघांचे वेगळे. तुमच्या ट्यूबलेसला सुजा, रबराची स्ट्रिप आणि सोल्युशन. खिळा घुसला आणि हवा टिकून असेल तर तो उपटू नका, तसेच गावापर्यंत चला. सुजा भोकात पूर्ण आत जाईल इतका फिरवायचा, स्ट्रिप सुजाच्या नेढ्यात ओवून, सोल्युशनमध्ये भिजवून रेटायची, थोडी बाहेर ठेवून सुजा झटक्यात ओढायचा. आपल्याकडे खिळ्यांपेक्षा बाभूळ आणि हिवराचे काटे जास्त, तुरीचे खुंट त्याहून वाईट. बारीक काट्याच्या भोकात स्ट्रिप घालायची म्हणजे आधी ते भोक आपणच मोठे करायचे. तिथे टायरात टाकायचे सीलंट बरे. खुंटाने चीर पडली असेल तर दोन स्ट्रिप लावून पाहा, नाही जमले तर गाडी टेम्पोत घाला.

मित्राला टायर उचकटायच्या दोन टॉमी, पॅच, सोल्युशन, सँडपेपर आणि वॉल्व्हची पिन काढायची छोटी चावी. पेचकसाने टायर उचकटू नका, ट्यूबला नवे भोक पडते. टायर रिमवरून सुटत नसेल तर चाक आडवे टाका, टायरवर स्प्लेंडरचे साइड स्टँड टेका आणि गाडी त्या बाजूला हळूच झुकवा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. काट्याचे तुटलेले टोक आत असेल तर कापूस तिथे अडकतो. बोट फिरवून शोधाल तर बोटच फाटते. डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस, कापूस विकत घ्यावा लागणार नाही.

पंप हाताचाच, सायकलचा मजबूत. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर दहाएक अँपिअर खेचतो आणि स्प्लेंडरची बॅटरी असते 3 अँपिअर-अवरची, तिच्यावर तो लावूच नका. चार्ज करायचा छोटा पंप घेणार असाल तर निघण्याच्या आदल्या रात्री चार्ज करून न्या. हे सगळे विसरतात.

बाकी किरकोळ : टेप, केबल टाय, हातभर बांधणीची तार, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, एम-सील, डोक्याला बांधायची टॉर्च. कपड्याच्या साबणाची वडी ठेवा, पेट्रोलची टाकी पाझरली तर त्या जागी घासून गावापर्यंत जाता येते. एकमेकांच्या गाडीची दुसरी चावी एकमेकांच्या खिशात. हे सर्व जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळले की सीटवर किंवा साइड बॅगेत खाली बसते. पाठीवरच्या सॅकमध्ये पाने कधीही नको. पडलात तर मणक्याला तो लोखंडाचा गठ्ठा लागतो.

भामरागडला हेच सामान. फक्त उन्हाळ्यात सोल्युशनची उघडलेली नळी आतल्या आत सुकते, नवी, सील न फोडलेली न्या. आणि आलापल्ली सोडण्याआधी दोन्ही गाड्यांची हवा पाहून घ्या.

प्रश्न : मी आरोग्यसेविका आहे. ॲक्टिवावर पाच-सहा गावे फिरते, पावसाळ्यातही. डिकीत लसीचा डबा, रजिस्टर, जेवणाचा डबा असतो. पाने ठेवायला जागा नाही. काय ठेवू?
— एक वाचक, आरमोरी तालुका

उत्तर : ताई, पाने ठेवूच नका. ॲक्टिवाचे मागचे चाक काढायला आधी सायलेन्सर काढावा लागतो, ते तुमचे काम नाही. टायर ट्यूबलेस असेल तर सुजा, स्ट्रिप आणि छोटा पंप पुरे. गाडीसोबत आलेला प्लग पाना आणि एक नवा प्लग ठेवा. बेल्ट तुटला तर रस्त्यावर काही होत नाही. म्हणून बेल्ट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलून घ्या, तुटायची वाट पाहू नका.

यासोबत एक जुने उलथने ठेवा. पांदणीच्या रस्त्यावर चिकट चिखल चाक आणि मडगार्डमध्ये असा भरतो की चाकच फिरत नाही, आणि एक्सलेटर दिला की क्लच जळतो. गाडी बंद करून उलथन्याने चिखल काढायचा. काडीने निघत नाही, आणि हाताने काढताना काटा लागतो.

प्रश्न : चेनला डब्ल्यूडी-40 मारले तर चालते का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : गंज सोडवायला चालते, वंगण म्हणून टिकत नाही. घासलेटने पुसा, वाळू द्या, मग 90 नंबरचे गिअर ऑइल थेंबथेंब चेनच्या आतल्या बाजूने सोडा आणि जास्तीचे फडक्याने पुसून घ्या. ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबराच्या रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोलने धुऊ नका, तारेचा ब्रशही नको. चेन लॉक लावाल तेव्हा क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. उलटे लावलेले क्लिप माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात, म्हणजे खरे तर येत नाहीत, वाटेतच गळून पडलेले असतात.